विणणारीचा अर्थ, घेणाऱ्याचा अर्थ

मोरोक्को देशातील मध्य ॲटलास पर्वतावर हिवाळ्यात बर्फ पडतो. त्या थंडीत अंथरण्या-पांघरण्यासाठी तेथील बेनी उराईन जमातींच्या स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या जाड लोकरी गालिचे विणीत आल्या आहेत. लोकर धुवावी, पिंजावी, चातीवर कातावी, उभ्या मागावर ताणा लावावा. मग ताण्याच्या धाग्यांवर एकेक गाठ मारीत, आडवा धागा घालून तो जड फणीने ठोकून बसवावा. असे करता करता गालिचा बोटाबोटाने वर चढतो. समोर कागदावरचा आराखडा नसतो. आई-आजीच्या शेजारी बसून पाहिलेली नक्षी हातांना पाठ झालेली असते. पांढऱ्या लोकरीवर काळ्या-तपकिरी रेषांचे, शंकरपाळ्याच्या आकाराचे चौकोन उमटत जातात.

हे लोक स्वतःला ‘अमाझिघ’ म्हणवतात. स्वतंत्र, कुलीन मनुष्य असा त्या शब्दाचा अर्थ सामान्यतः सांगितला जातो. बाहेरच्या जगाने मात्र त्यांना शतकानुशतके ‘बर्बर’ म्हटले. ज्यांची भाषा कळत नाही अशा परक्यांसाठी ग्रीकांनी वापरलेल्या शब्दाशी या नावाचे नाते आहे; आपल्या मराठीतही बर्बर म्हणजे रानटीच. मोरोक्कोच्या राज्यघटनेत त्यांच्या भाषेला अधिकृत स्थान मिळाले ते २०११ साली. दुसऱ्याला आपल्या सोयीचे नाव देणे किती सोपे असते, आणि त्याचे स्वतःचे नाव ऐकून घेण्यास जगाला किती काळ लागतो!

नावाच्या बाबतीत जे घडले तेच आज नक्षीच्या बाबतीत घडत आहे काय, हा या लेखाचा प्रश्न आहे.

शंकरपाळ्यासारख्या त्या चौकोनाचा अर्थ काय? कोणी म्हणतात, तो डोळा आहे, दृष्ट परतवून लावणारा. कोणी म्हणतात, ती स्त्रीदेहाची, सुफलतेची खूण आहे. नागमोडी रेषेत कोणाला पाणी दिसते, कोणाला साप. विक्रेते तर अनेकदा गालिच्यासोबत अर्थांची तयार यादीच देतात. अमुक खूण म्हणजे अमुक, जणू शब्दकोशच. विणणारीला विचारावे, तर पुष्कळदा ती एवढेच सांगते की, माझी आई असेच विणीत असे.

या साध्या उत्तरामागे अर्थाचे दारिद्र्य आहे असे समजू नये. ताणा चढला की मागात जीव आला, अशी अनेक अमाझिघ भागांतील जुनी श्रद्धा आहे. विणकाम वर चढते तसतसे त्या जिवाचे आयुष्य सरत जाते. काम पुरे होऊन गालिचा मागावरून कापून काढताना त्यावर पाणी शिंपडण्याची चाल काही ठिकाणी होती. मरणाऱ्याला द्यावा तसा तो निरोप असे. जी स्त्री आपल्या कामाला असा निरोप देते, तिच्यापाशी अर्थ नाही असे कोण म्हणेल? तो तिने यादीच्या रूपाने मांडलेला नाही, एवढेच.

येथे मला संत ऑगस्टीन आठवतात, आणि ते दुरून आणावे लागत नाहीत. त्यांचा जन्म ३५४ साली याच उत्तर आफ्रिकेत, आजच्या अल्जीरियातील थागास्ते गावी झाला. त्यांची माता संत मोनिका अमाझिघ वंशाची असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. ख्रिस्ती शिकवणुकीवरील आपल्या ग्रंथात ऑगस्टीन चिन्हांचे दोन प्रकार करतात. काही चिन्हे स्वाभाविक असतात: धूर दिसला की अग्नी आहे हे कळते, धुराला काही सांगावयाचे नसते. दुसरी चिन्हे दिलेली असतात: आपल्या मनातले दुसऱ्याच्या मनात पोहोचावे म्हणून कोणीतरी ती हेतुपूर्वक देतो. आपले शब्द या प्रकारचे. म्हणजे, दिलेल्या चिन्हाला देणारा हवा. जे विणणारीने दिलेच नाही, ते तिच्या नावावर खपविणे म्हणजे न बोललेले शब्द तिच्या तोंडी घालणे होय.

यावर कोणी म्हणेल, त्यात बिघडले काय? गोड कथेमुळे गालिचा विकला जातो, विणणारीच्या घरी दोन पैसे जातात. शिवाय चिन्हांचे अर्थ काळाबरोबर बदलतातच. हा आक्षेप हलका नाही. अर्थ बदलतात हे खरेच. पण ते वापरणाऱ्यांच्या जगण्यातून बदलले तर ती परंपरा, आणि गिऱ्हाइकाच्या आवडीनुसार बदलले तर तो निव्वळ व्यापार. पैशाचे म्हणाल, तर गालिचा बाजारात नेण्याचे काम परंपरेने पुरुषांकडे असे. पुढे तो अनेक हातांतून जातो, आणि कथा जितकी रंगते तितकी किंमत शेवटच्या दुकानात वाढते. ती वाढ मागे पर्वतापर्यंत पोहोचेलच याची हमी कथा देत नाही.

मग आपण त्या गालिच्यात काहीच वाचू नये काय? वाचावे, ऑगस्टीन यांनी सांगितलेला पहिला प्रकार तेथे मुबलक आहे. मध्येच लोकरीची छटा बदलते, कारण एका मेंढीची लोकर संपून दुसरीची लागली. एखादी रेष सरळ चालता चालता किंचित कलते. कोठे गाठी घट्ट आहेत, कोठे सैल. हात थकला असेल, किंवा मूल रडले म्हणून ती उठून गेली असेल. नेमके काय घडले हे आपल्याला कळणार नाही. पण यंत्राऐवजी एक माणूस येथे बसले होते, हे धुरावरून अग्नी कळावा तितक्या खात्रीने कळते. बाजारात कित्येकदा यालाच दोष म्हणतात आणि यादीतल्या डोळ्याला किंमत देतात.

दुसऱ्याचा आदर करण्याचा एक मार्ग म्हणजे त्याने जे सांगितले नाही ते न सांगितलेलेच राहू देणे. उत्सुकता वाईट नाही. ती शेजाऱ्याला विचारण्यापासून सुरू झाली पाहिजे, आणि उत्तर मिळाले नाही तर थांबली पाहिजे. आपल्याकडून निश्चित देता येते ते श्रमाचे मोल. म्हणून असा गालिचा कधी आपल्यापुढे उलगडला गेला, तर ‘याचा अर्थ काय?’ या प्रश्नाआधी दुसरा प्रश्न विचारावा: हा कोणी विणला, आणि तिच्या हाती किती पडले? यादीत त्याचे उत्तर बहुधा नसेल. तरीही विचारावे.