भाकरीवर नाव नसते

श्रावणात गोदाकाठच्या गावांमध्ये एक आठवडा तव्यांना उसंत नसते. वैजापूर आणि श्रीरामपूर तालुक्यांच्या शिवेवर, गोदावरीच्या पात्रात सराला बेट आहे. तिथल्या गंगागिरी महाराजांच्या परंपरेतला अखंड हरिनाम सप्ताह दर वर्षी वेगळ्या गावी बसतो. 2025 चा 178 वा सप्ताह वैजापूर तालुक्यातल्याच शनिदेवगावात झाला. प्रसाद आमटी-भाकरीचा. आमटी तिथेच मोठमोठ्या कढयांत शिजते. भाकरी मात्र आसपासच्या गावांतून येते, घराघरांत थापलेली, टेम्पो-ट्रॅक्टरांत भरलेली. मंडपात पोचली की सगळ्यांचा एकच ढीग होतो. कुठली भाकरी बागायतदाराच्या घरची आणि कुठली रोजंदारीवर जाणाऱ्या बाईच्या चुलीवरची, हे वाढणाऱ्यालाही कळत नाही आणि खाणाऱ्यालाही. काठ करपलेली भाकरीही त्यातच असते.

याच भागात वर्षाचा पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडतो. साहजिकच इथल्या गावांना योजना आणि प्रकल्पांची सवय आहे. गावात शिरताना फलक दिसतो: निधी कोणाचा, खर्च किती, काम कुठल्या वर्षीचे. देणारा ठळक अक्षरांत, घेणारा एका शब्दात. लाभार्थी. मराठीतला हा शब्द दिसतो निरुपद्रवी, पण माणसाचे हात तो कायमचे पसरून ठेवतो.

दानाचा विचार आपल्याकडे कमी झालेला नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार आहेत. देश, काळ आणि पात्र पाहून, परतफेडीची आशा न ठेवता दिलेले ते सात्त्विक. पण ही सगळी प्रतवारी देणाऱ्याच्या मनाची आहे. घेणाऱ्याचे काय होते? त्याचे उत्तर प्रतिग्रहाच्या, म्हणजे दान घेण्याच्या, चर्चेत सापडते आणि ते बोचरे आहे. अधिकार असला तरी दान घेण्याची चटक लावून घेऊ नये, त्याने ब्रह्मतेज विझते, असे मनुस्मृती सांगते. हा इशारा ब्राह्मणांपुरता होता. बाकीच्यांच्या तेजाची चिंता त्या ग्रंथाला नव्हती. तरी निरीक्षण खरेच. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस याने 1925 मध्ये देणगीवरच्या आपल्या निबंधात हेच वेगळ्या वाटेने मांडले: भेटीमागे परतफेडीचे बंधन येते आणि जो परत देऊ शकत नाही तो देणाऱ्याच्या खाली जातो. मोसने त्यासाठी महाभारताचे अनुशासनपर्वही चाळले होते. गाडगेबाबांना तसल्या वाचनाची गरज पडली नाही. हातात खराटा घेऊनच ते गावात शिरत. आधी गाव झाडून काढायचे, मग भाकरी.

1972 च्या दुष्काळात मराठवाड्याने दान घेण्याची आणि कमावून खाण्याची, अशा दोन्ही चवी घेतल्या. अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी आणि कामांवर वाटलेला सुकडीचा खाऊ यांच्या आठवणी अजून निघतात, त्याही फारशा कौतुकाने नाही. पण ते अन्न फुकट बसून खाल्लेले नव्हते. मे 1973 मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसे होती. कुणी खडी फोडत होते, कुणी पाझर तलावाची माती वाहत होते. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेला 1977 मध्ये कायद्याचे रूप मिळाले आणि मागेल त्याला काम हा हक्क ठरला. खर्चासाठी नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला. मुंबईतल्या कारकुनाचे रुपये वैजापूरच्या बांधावर कुणाच्या हातात पडले, हे दोघांनाही कधी कळले नाही. सप्ताहातल्या भाकरीसारखेच ते. हजेरीपटातले घोटाळे झाले, मजुरी महिनोन्महिने थकली, हे सगळे खरे. पण थकलेली मजुरी मागायला माणूस तहसीलवर मोर्चा नेऊ शकतो. भीक थकली म्हणून मोर्चा निघत नाही.

देणे एक आणि दिलेले टिकवणे दुसरे. त्याची मासलेवाईक गोष्ट शेजारच्या जालन्यात घडली. तिथे स्कॉटलंडच्या चर्चचे मिशन पाण्याच्या कामात होते. बोअरवर बसवलेले ओतीव लोखंडाचे हातपंप भराभर मोडायचे, कारण ते घडवले होते एका कुटुंबाच्या वापरासाठी आणि त्यावर पहाटेपासून अख्खे गाव झोंबायचे. म्हणून जालन्यात पोलादी पंप बनवला गेला, सोलापुरात तो आणखी सुधारला आणि त्यातूनच पुढे युनिसेफच्या मदतीने इंडिया मार्क 2, म्हणजे आपला ओळखीचा हापसा, तयार झाला. त्याआधी, 1974 च्या पाहणीत देशातल्या चारपैकी तीन बोअरवरचे जुने पंप बंद आढळले होते. हापसा पुढे आफ्रिकेत गेला. दुखणे तिथेही भेटले. सहाराच्या दक्षिणेकडील देशांत 2009 च्या सुमारास सरासरी तीनपैकी एक हातपंप बंद असल्याचा अंदाज होता. यंत्र सुधारले, पण आतले कातडी वायसर झिजल्यावर बदलायचे कोणी?

आपल्या परंपरेत यज्ञयागाला इष्ट आणि विहीर, तलाव, धर्मशाळा बांधण्याला पूर्त म्हणतात. जुने सावरणाऱ्याला नवे बांधणाऱ्याहून कमी पुण्य नाही, असेही धर्मशास्त्र मानते. अहिल्याबाई होळकरांनी वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार केला, देशभर घाट आणि विहिरी बांधल्या, आणि अशा कामांच्या पुढच्या खर्चासाठी वार्षिक नेमणुका लावून दिल्या. आजच्या प्रकल्पाची मुदत तीन वर्षे, फार तर पाच. वायसरचे उद्घाटन होत नाही.

मग गावाचाच वाटा घ्यावा, हे ओघाने आले. स्विस जेझुइट हर्मन बाखर यांच्या पुढाकाराने 1990 च्या दशकात महाराष्ट्रात उभ्या राहिलेल्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात श्रमदान, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी या अटीच होत्या. अटीत लिहिलेले दान हा एक गमतीचाच प्रकार. भूमिहीनांना श्रमदानातून सूट होती, हे शहाणपणाचे. पण डोंगरावर चराईबंदी झाली की मेंढरे कुठे न्यायची? पाणी वाढते ते खालच्या विहिरींना. ज्याची विहीरच नाही त्याने गावासाठी त्याग करायचा आणि वर गावाची एकी म्हणून त्याचेच कौतुक व्हायचे.

विलासराव साळुंखे यांनी हे आधीच ओळखले होते. दुष्काळी कामांवर खडी फोडणारी माणसे पाहून हा कारखानदार हलला आणि 1974 मध्ये पुरंदरच्या नायगावात देवस्थानची चाळीस एकर जमीन भाडेपट्ट्याने घेऊन कामाला लागला. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम साधे, पण पचायला जड. पाणी जमिनीवर नाही, माणसामागे. डोई अर्धा एकर भिजेल इतके. भूमिहीनालाही हक्क. खर्चातला वीस टक्के वाटा सभासदांनी आधी भरायचा. उसाला बंदी. इथे पैसे भरणारा आणि पाणी घेणारा एकच होता, म्हणून पाटकऱ्याला जाब विचारायची सोय होती. राज्याने मात्र हे तत्त्व आपले धोरण कधी केले नाही. वैजापूरच्या कालव्यांवरही पाणी जमिनीमागेच येते, आणि ज्याच्या नावे सातबारा नाही त्याचे नाव त्या हिशेबात नसते.

सप्ताहाचा ढीगही तसा निर्मळ नाही. भाकरीवर नाव नसते हे खरे, पण ती थापणारी बहुधा बाईच असते. घरचा स्वयंपाक उरकून ती पुन्हा परात ओढते, वीस-पंचवीस भाकरी थापते, टेम्पो यायच्या आत फडक्यात बांधून देते. मंडप कुठे, पंगत किती वाजता, वाढपी कोण, हे पुरुष ठरवतात. सप्ताह उठला की तीच बाई हंडा घेऊन हापशावर जाते. हापसा कुठल्या गल्लीत बसवायचा, हेही तिला कुणी विचारलेले नसते.