वर्गातला पहिला तपास

सुहास शिरवळकर (१९४८–२००३) यांनी मराठी वाचकाला दारा बुलंद, फिरोज इराणी, मंदार पटवर्धन, अमर विश्वास असे नायक दिले. खून, पाठलाग, उलटतपासणी हा त्यांच्या लेखणीचा रोजचा व्यवहार. तरीही त्यांची सर्वांत गाजलेली कादंबरी रहस्यकथा नव्हे. १९८२ सालची ‘दुनियादारी’ पुण्याच्या टिळक रस्त्यावरच्या स. प. महाविद्यालयातल्या दिवसांतून आणि तिथल्या कट्ट्यावरच्या मित्रांतून उभी राहिली. तिच्यात गुप्तहेर नाही, पण रहस्यकथा लिहून मुरलेला हात जागोजागी जाणवतो. कोणाबद्दलची कोणती गोष्ट वाचकाला कधी कळू द्यायची, याचा हिशेब तिथे पक्का आहे. मात्र देवघेव एकाच दिशेने झाली. रहस्यकथेचे कसब कॉलेजच्या आठवणींना लाभले. विद्यार्थिदशेतल्या आठवणींनी रहस्यकथेला काय दिले असते, हा प्रश्न मराठीत बराचसा अस्पर्शित राहिला.

इंग्रजीत ही वाट जुनी आहे. आर्थर कॉनन डॉयल स्टोनीहर्स्ट या निवासी शाळेत होते तेव्हा तिथे मोरियार्टी आडनावाची मुले शिकत होती. पुढे होम्सच्या हाडवैऱ्याला तेच आडनाव मिळाले. जॉन ल कारे यांनी त्याहून बरेच खोल खणले. शेरबर्न शाळा त्यांना इतकी नकोशी झाली की सोळाव्या वर्षी ती सोडून ते स्वित्झर्लंडमधल्या बर्नला गेले. नंतर ईटनमध्ये त्यांनी दोन वर्षे शिकवलेही. म्हणजे बाक आणि टेबल, दोन्हीकडून त्यांना शाळा ठाऊक होती. ‘अ मर्डर ऑफ क्वालिटी’ (१९६२) मध्ये कार्न नावाच्या शाळेतल्या एका मास्तरांच्या बायकोचा खून होतो. तिचा नवरा साध्या घरातून आलेला, आणि शिक्षकवर्गातल्या खानदानी मंडळींनी त्या दोघांना कधीच आपले मानलेले नसते. जेवणाच्या टेबलावरचा छोटासा अपमान तिथे पुराव्याइतका बोलका ठरतो. हे तपशील चौकशी करून मिळत नाहीत, लहानपणी सोसलेले असावे लागतात.

शाळा गुन्हेकथेला कथानक क्वचितच पुरवते. तिच्याकडून मिळते ती तपासाची पहिली ओळख. मास्तर फळ्याकडे वळलेले असताना मागून खडू येतो. कोणी मारला, हे निम्म्या वर्गाला माहीत असते. मास्तर नाव विचारतात, कोणी तोंड उघडत नाही, मग सगळा वर्ग अंगठे धरून उभा राहतो. पाचेक मिनिटांत पाठी भरून येतात आणि एकेकाचा स्वभाव उघडा पडतो. मॉनिटर नाव सांगायला आतुर असतो, पण मधल्या सुट्टीतल्या माराला भितो. खडू मारणारा सर्वांत निरागस चेहरा करतो. कोणीतरी भलताच मुलगा, बहुधा ज्याची बाजू घेणारे कोणी नाही असा, दोषी ठरतो. संशयित, साक्षीदार, माफीचा साक्षीदार आणि चुकीचा निकाल, सारे एका तासिकेत हजर. त्या वर्गातली शरम ज्याला अजून आठवते, त्याला पोलीस ठाण्यातला प्रसंग लिहिताना उसने शब्द लागत नाहीत.

मराठीत शाळकरी मुलाला तपासाला लावले ते भा. रा. भागवतांनी. फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवनात शिकतो आणि चोर पकडतो. पण ती साहसकथा. शाळा तिथे मुक्कामाची जागा आहे, गुन्ह्याची नव्हे. मोठ्यांच्या रहस्यकथेने तर शाळेकडे फारसे पाहिलेच नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या काळापासून ती भराभर लिहिली गेली आणि वाचनालयांतून हातोहात फिरली. त्या वेगात मुंबईची हॉटेले, मोटारी, मुखवटे हाताशी तयार असत. शाळेची आठवण सावकाश वर येते, तिला तेवढी सवड मिळाली नाही. नववीचा वर्ग ताकदीने रंगवणारी मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ आली ती २००४ साली, आणि रहस्यकथेच्या बाहेर.

पनवेलसारख्या गावात ही उणीव विशेष खटकते, कारण इथे शाळा आणि गुन्ह्याचा हेतू शेजारी शेजारी आहेत. १९७० साली सिडको हे नगरविकासाचे सरकारी महामंडळ स्थापन झाले आणि नव्या शहरासाठी पनवेल-उरणच्या जमिनी घेतल्या गेल्या. मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या लढ्यात जानेवारी १९८४ मध्ये गोळीबारात पाच जणांचा बळी गेला. पुढे घेतलेल्या जमिनीचा काही भाग विकसित करून परत देणाऱ्या साडेबारा टक्के योजनेचे भूखंड आले, आणि त्यांच्यामागून वारसांचे तंटे. एका बाकावर बसलेल्या दोन मुलांपैकी एकाच्या बापाची जमीन गेलेली आणि दुसऱ्याचा बाप दलाल, ही जोडी कादंबरीकाराला कल्पनेने घडवावी लागत नाही.

हेतूसारखा पुराव्याचा कागदही शाळेतच असतो. जनरल रजिस्टरमध्ये नाव, आईचे नाव, जात, जन्मतारीख अंकी व अक्षरी, पूर्वीची शाळा आणि शाळा सोडल्याचे कारण एका ओळीत लिहिलेले असते. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ नुसार आरोपी अल्पवयीन आहे का हे ठरवताना शाळेच्या किंवा मॅट्रिकच्या दाखल्यावरील जन्मतारखेला प्रथम मान आहे. वैद्यकीय चाचणी सर्वांत शेवटी. आणि महाराष्ट्रात असंख्य मुलांची जन्मतारीख १ जून आहे, कारण प्रवेशाच्या वेळी खरी तारीख घरच्यांना माहीत नसली की गुरुजी सोयीची तारीख टाकत. त्या एका नोंदीवर आरोपी बालसुधारगृहात जाणार की तुरुंगात, हे ठरू शकते. तारीख लिहिणारा हात कोणाचा होता, हे ज्या वर्गमित्राला आठवते तो कथेतला सर्वांत मोलाचा साक्षीदार.

अशी आठवण वापरताना नाव बदलणे पुरत नाही. गणिताच्या मास्तरांना चित्रकला देऊन भागत नाही. लकब, गाव आणि घडलेला प्रसंग यांवरून माणूस ओळखू येतो. म्हणून दोघा-तिघांचे मिळून एक पात्र करावे लागते, आणि खरा प्रसंग ज्याच्यावर बेतला त्याच्यापासून तोडून दुसऱ्याच्या वाट्याला द्यावा लागतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली, निकटच्या नातेवाइकांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केलेली मृत व्यक्तीची बदनामीही गुन्हा ठरू शकते. त्यामुळे मास्तर हयात नाहीत एवढ्यावर लेखकाला मोकळीक मिळत नाही.