शिखर कुणी चढलं?

आमच्या नांदेड जिल्ह्यात डोंगर चढायचा म्हणलं की माहूर. रेणुका, दत्तशिखर, अनसूया. दत्तजयंतीला नायगावकडूनबी माणसं जातात. एका साली भावकीतल्या एकानं म्हाताऱ्या आईला पाठीवर घेऊन रेणुकेच्या पायऱ्या चढल्या. माघारी आल्यावर म्हातारी ओट्यावर बसून सांगू लागली, "औंदा मी माहूर चढले बाई!" पोरगं शेजारीच पोटऱ्या चोळत बसलेलं. सगळे हसले. मला मात्र सवाल पडला, चढलं कोण?

हाच सवाल जगातल्या सगळ्यात उंच जागीही पडलेला आहे. 29 मे 1953 ला हिलरी आणि तेनसिंग एव्हरेस्टवर पोचले. खाली आल्यावर लोकांनी पिच्छा पुरवला, पहिलं पाऊल कुणाचं? पुढं तेनसिंगनंच आपल्या पुस्तकात सांगून टाकलं, हिलरी पुढं होता. मला त्या पावलापेक्षा आंग निमा आठवतो. शिखराच्या खाली 7900 मीटरच्या आसपास दक्षिण खिंड आहे. तिथून वरच्या तळाचं सामान न्यायला ठरलेल्या शेर्पांपैकी तो एकटाच धड उरला होता. 28 मे ला लोव आणि ग्रेगरी या गोऱ्यांच्या जोडीनं त्यानं 8500 मीटरपर्यंत ओझं नेलं. ओझं टाकलं आणि तिघंही माघारी वळले. वर साडेतीनशे मीटर उरले होते.

कुणी म्हणेल, ओझं वाहणं वेगळं, शेवटचा कडा चढणं वेगळं. खरं आहे. ते दोघं नसते गेले तर वाहिलेलं सगळं वाया होतं. पण हद्द कुठं घालायची? त्या मोहिमेत साडेतीनशेवर हमाल होते. ते बी चढले म्हणायचं का? मी म्हणतो, आंग निमा तरी चढला. त्याच्या खालच्यांचं मला अजून ठरवता आलेलं नाही.

शेतातबी तेच. मालक म्हणतो, "मी पाच एकर ज्वारी पेरली." तिफण सालगड्यानं हाणलेली, चाड्यावर मूठ दुसऱ्याची. मालक खोटं बोलत नाही. बी त्याचं, बुडालं तर कर्जही त्याचंच. सातबाऱ्यावर त्याचं नाव लागतं, पीक लागतं. मुठीचा रकाना नाही.

पूर्वी खळ्यावर रास पडली की घरी पोतं जायच्या आधी सुतार-लोहाराचं माप काढून ठेवीत. त्यांनी शेतात पाऊल टाकलेलं नसायचं, नुसती तिफण घडवलेली. आता रास मळणीयंत्रातून थेट टेम्पोत पडते.