माशाच्या बाजूनं पाहताना

तापीच्या पाण्यात ट्राउट सापडणार नाही. हा गारव्यात वाढणारा मासा. पाणी साधारण २० अंशांच्या वर तापलं की तो कासावीस होतो, आणि भुसावळात मे महिन्यात सावलीतला पाराच ४५ च्या आसपास घुटमळतो. इंग्रजांनी हा मासा आपल्या देशात आणला, तो काश्मीर, कुलू, निलगिरी अशा थंड पाण्यांत. त्यामुळे ट्राउटसाठी पिसं बांधून गळ तयार करण्याची कला आपल्याला परक्या घरची वाटते. पण त्या कलेतलं सर्वांत मोलाचं पीस आपल्या शेजारच्या पक्ष्याचं आहे. यावल-रावेरच्या केळीबागांपलीकडे जी डोंगररांग दिसते, त्या सातपुड्याच्या जंगलांत राहणाऱ्या राखी रानकोंबड्याचं.

या नराच्या मानेवरचं पीस हातात घेऊन पाहिलं तर टोकाशी पिसाचा कणा रुंद झालेला दिसतो आणि त्यावर पिवळसर-पांढरा, कडक, चकचकीत ठिपका असतो. कोंबड्यासाठी तो मिरवण्याचा ऐवज. गळ बांधणाऱ्यांना मात्र त्यात डोळा दिसला.

अमेरिकेच्या मेन राज्यात कॅरी स्टीव्हन्स नावाची बाई होती. तिचा नवरा मासेमारीच्या हौशी पाहुण्यांचा वाटाड्या, आणि ती स्वतः बायकांच्या हॅट तयार करणारी. त्या काळी हॅटवर पिसं असायचीच, म्हणजे पिसांशी तिचा हात जुना. १ जुलै १९२४ रोजी अप्पर डॅम या ठिकाणी तिनं स्वतः बांधलेल्या गळानं ६ पौंड १३ औंसांचा, म्हणजे सुमारे ३ किलोंचा ट्राउट धरला. एका नामवंत मासिकाच्या स्पर्धेत त्याला दुसरं बक्षीस मिळालं आणि तिच्याकडे गळांची मागणी सुरू झाली. तिचा ‘ग्रे घोस्ट’ नावाचा गळ आजही जगभर बांधला जातो. इतर लोक गळ बांधताना आकडा छोट्या शेगड्यात (व्हाइसमध्ये) घट्ट पकडतात. ती तो नुसत्या बोटांत धरायची, आणि बांधण्याची रीत सहसा कुणाला दाखवायची नाही.

अशा गळाला स्ट्रीमर म्हणतात. मोठा ट्राउट लहान मासे खातो, तेव्हा स्ट्रीमर म्हणजे पिसांतून उभा केलेला लहान मासा. ग्रे घोस्टसाठी लांब दांड्याच्या आकड्यावर आधी नारिंगी रेशीम गुंडाळायचं, त्यावरून चंदेरी पट्टीचे वेढे द्यायचे. खाली हरणाच्या शेपटीचे पांढरे केस, ते पोट. सोबत मोरपिसाचे चारदोन गडद धागे. वर कोंबड्याची राखी, लांब पिसं. ती कोरडी असताना नुसती पिसंच दिसतात, पण पाण्यात भिजली की अंगाला चिकटतात आणि दोरी हलक्या झटक्यांनी ओढली की वळवळतात. शेवटी दोन्ही बाजूंना रानकोंबड्याचं एकेक पीस लावायचं, ते डोळे.

या माशाला कल्ले नाहीत, खवले नाहीत, तोंडसुद्धा नाही. कॅरीबाईला हुबेहूब मासा करायचाच नव्हता. वाहत्या पाण्यात भुकेल्या ट्राउटला भक्ष्य क्षणभरच दिसतं. त्या क्षणात जेवढं त्याच्या नजरेत भरतं, तेवढंच तिनं बांधलं: लांबट आकार, उजळ पोट, डोळा आणि हालचाल. बाकीचं वगळण्याचं धाडस तिला झालं, कारण काठावर उभी असूनही ती माशाच्या बाजूनं पाहत होती.

हतनूरच्या जलाशयावर किंवा चांगदेवला पूर्णा-तापीच्या संगमावर गळ टाकून बसणाऱ्याला हा खटाटोप दाखवला तर तो हसेल. त्याच्या गळाला गांडूळ असतं, नाहीतर कणकेची गोळी. खरं अन्न लावलं की पुढचं काम वासच करतो. पण जिथं हातात खरं काही नसतं, नुसती खूणच द्यायची असते, तिथं समोरच्याची नजर ओळखल्यावाचून गत्यंतर नाही. आणि माणसामाणसांतला बहुतेक व्यवहार खुणांचाच असतो. आपण शब्द देतो, चेहरा दाखवतो, पाटी लिहितो.

आपण या खुणा बहुधा स्वतःच्या नजरेसाठी बांधतो. दुकानात मांडलेले गळ माशांपेक्षा माणसांनाच जास्त पकडतात, असं मासेमारीचे हौशी लोक गमतीनं म्हणतात. व्याख्यान असो की अर्ज, मुलाला दिलेली समज असो की आजाऱ्याला दिलेला धीर, त्यात आपल्याला शोभणाऱ्या गोष्टी आपण कोंबत राहतो. ऐकणाऱ्याच्या मनात त्यातलं नेमकं काय पोचणार, हे पाहायला पलीकडे जात नाही.

भुसावळकरांना मात्र पलीकडे जाण्याचा एक नमुना रोज दिसतो. रेल्वेचा सिग्नल. फलाटावरच्या प्रवाशाला तो कसा दिसतो याला महत्त्व नाही. भरधाव इंजिनात बसलेल्या चालकाला तो किती लांबून दिसेल, वळणामुळे झाकला तर जाणार नाही ना, हे पाहून त्याची जागा ठरते. त्याच्यावरही कलाकुसर नाही, मजकूर नाही. एक रंग, तोही एका नजरेत कळणारा.

म्हणजे सिग्नल आणि स्ट्रीमर यांची विद्या एकच: दुसऱ्याच्या जागेवर जाऊन, त्याच्या वेगानं आणि त्याच्या गरजेनं पाहायचं. एकानं शेकडो जीव सुखरूप घरी पोचतात, दुसऱ्याच्या पोटात आकडा असतो. आपण एरवी म्हणतो, माणसानं माणसाला समजून घ्यावं, म्हणजे सगळं ठीक होईल. पण ठक, सावकार आणि मतं मागायला येणारा पुढारीही समोरच्याला उत्तम समजून घेतात. कुणाला कशाची भूक आहे हे त्यांच्याइतकं कुणालाच कळत नाही. समजून घेणं हा अजून सद्गुण नव्हे, ते फक्त सामर्थ्य आहे. त्याचं पुढे काय करायचं हा प्रश्न वेगळा, आणि तो ज्याचा त्यानंच सोडवायचा.

ही नजर किती अपुरी असू शकते, याची साक्ष तो रानकोंबडाच देतो. माशाच्या डोळ्यानं इतकं बारीक पाहणाऱ्यांनी कोंबड्याच्या बाजूनं पाहायला फार उशीर केला. त्या ठिपक्यांपायी वर्षानुवर्षं हे पक्षी मारले गेले आणि त्यांच्या माना परदेशी रवाना झाल्या. आता १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं त्यांना कवच आहे. परदेशात हे पक्षी पाळून पिसं मिळवतात, किंवा रंगवलेलं, नकली पीस लावतात. ट्राउट त्यालाही तोंड घालतो. ज्याच्यासाठी जंगलातला जीव गेला, ते खरं पीस त्यानं कधी मागितलंच नव्हतं. तो हट्ट बांधणाऱ्याचा होता.

म्हणून आज कुणाशी महत्त्वाचं बोलायचं असेल, तर आधी त्याच्या जागेवर जाऊन बसावं आणि तिथून जे दिसणारच नाही ते खुशाल गाळावं. मग स्वतःला दोन गोष्टी विचाराव्यात. या बोलण्याच्या आत मी आकडा तर लपवला नाही ना? आणि ते सजवताना, संभाषणात नसलेल्या तिसऱ्याच कुणाची पिसं मी उपटली नाहीत ना?