पहिला कोण?

भारतातली पहिली रेल्वे कधी धावली, असं विचारलं की शाळेतलं पोरही ‘16 एप्रिल 1853’ म्हणून मोकळं होतं. बोरीबंदर ते ठाणे, 34 किलोमीटर, 14 डबे, चारशेच्या आसपास पाहुणे. उत्तर पाठ असतं, पण प्रश्नच अर्धवट असतो. मद्रासजवळच्या रेड हिल्सवरून रस्त्यांसाठी जांभा दगड वाहणारी रेल्वे 1837 सालीच सुरू झाली होती. रुडकीजवळ गंगेच्या कालव्यासाठी सोलानी नदीवर जलसेतू बांधला जात होता, तिथेही 1851 मध्ये वाफेचं इंजिन मातीचे डबे ओढत होतं. बोरीबंदरचा मान टिकतो तो ‘प्रवासी’ या एका अटीवर. दगडमातीला तिकीट नसतं, म्हणून तिची गाडी पहिली धरायची नाही, असा हा हिशेब.

सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत ‘पहिला’ या सदराखाली पानंच्या पानं असतात. स्पर्धा परीक्षेची मुलं ती येता-जाता घोकतात, आणि घोकताना सगळ्यात आधी गळते ती अट. नाव राहतं, साल राहतं. मला वाटतं, खरी माहिती त्या गळालेल्या अटीतच असते. कुणाला तरी बाजूला ठेवल्याशिवाय ती अट घालायची वेळच आली नसती.

खाशाबा जाधवांचं घ्या. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे हे पैलवान. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये फ्रीस्टाइल कुस्तीच्या बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक मिळवलं. पुस्तकातली ओळ अशी: स्वतंत्र भारताला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे पहिले खेळाडू. यातला ‘वैयक्तिक’ हा शब्द हॉकीसाठी आहे. हॉकीचं सुवर्ण भारताकडे 1928 पासून येत होतं आणि त्याच हेलसिंकीतही आलं. ‘स्वतंत्र’ हा शब्द आहे नॉर्मन प्रिचर्डसाठी. कलकत्त्यात जन्मलेल्या या इंग्रज गड्याने 1900 साली पॅरिसला 200 मीटर धावणे आणि 200 मीटर अडथळा शर्यत अशी दोन रौप्यपदकं घेतली. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती ती भारताच्या खात्यावर मांडते, अ‍ॅथलेटिक्सच्या इतिहासकारांतले काही जण ब्रिटनच्या. प्रिचर्ड पुढे नाटकात गेला आणि नॉर्मन ट्रेव्हर या नावाने हॉलिवूडच्या मूकपटांतही दिसला. एका विशेषणामागे एवढा मोठा माणूस दडलेला!

आणि खाशाबांच्या त्या ओळीत जे मावतच नाही ते निराळंच. 1948 साली लंडनला त्यांचा सहावा क्रमांक आला होता, तोही मातीवर वाढलेल्या पैलवानाने मॅटवर लढून. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावकऱ्यांनी, दुकानदारांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. पदक घेऊन पैलवान परतले तेव्हा कऱ्हाडपासून दीडशेच्या वर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे ते पोलिसांत नोकरीला लागले. 1984 मध्ये अपघातात गेले, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी. ‘खाशाबांनंतर दुसरं वैयक्तिक पदक कोणाचं?’ हा प्रश्न मी तरी कुठल्या प्रश्नपत्रिकेत पाहिला नाही. ते लिअँडर पेसचं, 1996 साली अटलांटात टेनिसमध्ये मिळालेलं. मधे 44 वर्षं गेली. ‘पहिला’ विचारण्यापेक्षा ‘दुसरा’ विचारला तर देशाबद्दल अधिक कळतं, ते असं.

सिनेमाचीही तीच गत. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 3 मे 1913 रोजी लागला. त्याच कॉरोनेशनमध्ये 18 मे 1912 ला दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ लागून गेला होता. तो रंगमंचावरच्या नाटकाचं चित्रण होता, कॅमेरामागचा माणूस इंग्रज होता, फिल्म विलायतेत धुतली गेली, म्हणून मोजायचा नाही, असं बहुतेक जण मानतात. आक्षेप पटण्यासारखे आहेत. तरीही एकाच थिएटरात वर्षभर आधी लागलेल्या चित्रपटाचं नाव पुस्तकात तळटीपेलाही नसावं, हे मात्र पटत नाही.

भाषेत तर अटच काय, उत्तरही सरकतं. मराठीतला पहिला शिलालेख कोणता? एक पिढी श्रवणबेळगोळ म्हणत मोठी झाली. गोमटेश्वराच्या पायाशी चामुंडरायाने मूर्ती करवल्याचा मराठी लेख आहे आणि मूर्ती दहाव्या शतकातली, म्हणून लेखही 983 चा धरला गेला. पुढे अभ्यासकांनी दाखवलं की शेजारची ओळ गंगराजाची आहे, म्हणजे बाराव्या शतकातली, आणि दोन्ही ओळी एकाच वेळी कोरलेल्या असाव्यात. मान गेला अलिबागजवळच्या आक्षीकडे, तिथल्या लेखात वाचलेल्या शके 934 मुळे, म्हणजे 1012 साली. त्याच्या मागे सहाच वर्षांवर सोलापूर जिल्ह्यातलं हत्तरसंग कुडल उभं आहे, शके 940 घेऊन. आक्षीच्या त्या आकड्याच्या वाचनावरही वाद आहेतच, तेव्हा उद्या कुणी नव्याने ठसा घेतला तर पुन्हा पुस्तकं छापावी लागतील. तोवर श्रवणबेळगोळ, आक्षी आणि कुडल हे तिन्ही पर्याय एकाच प्रश्नाखाली आले, तर मुलांनी उत्तरतालिकेवर बेधडक हरकत नोंदवावी.