कपाटात न राहणारा बटाटा

अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात, ब्लॅकफूट गावच्या जुन्या रेल्वे स्थानकात, बटाट्याचं संग्रहालय आहे. तिथे शेतीची जुनी अवजारं आहेत आणि १९९१ साली बनवलेला २५ इंची वेफरही काचेआड मांडला आहे. वेफर वर्षानुवर्षं राहिला. बटाटा तसा राहिला नसता. काही महिन्यांत त्याच्या डोळ्यांतून मोड फुटतात. लावला नाही तर सुकतो किंवा सडतो.

पेरूमध्ये कुस्कोजवळच्या पिसाकच्या डोंगरात केचुआ शेतकऱ्यांनी हे ओळखलं आहे. त्यांचं ‘बटाटा उद्यान’ सुमारे नऊ हजार हेक्टरांवर पसरलंय. तिथे हजाराहून जास्त वाण आहेत: जांभळे, लाल, काळपट, वेडेवाकडे. एका खाचाखोचांच्या वाणाचं नावच ‘सुनेला रडवणारा’. तो नीट सोलणं ही नव्या सुनेची परीक्षा! हे वाण टिकले ते दरवर्षी बेणं राखून पुन्हा मातीत घातल्यामुळे. हवा तापतेय तशी लागवड डोंगरात वर सरकतेय, आणि नव्या उंचीवर कोण तग धरतो हे शेतातच ठरतं.

वाणांची अशी विविधता नसली की काय होतं ते आयर्लंडनं भोगलं. तिथल्या गरिबांचं पोट मुख्यतः ‘लम्पर’ या एकाच वाणावर होतं. कंदापासून कंद, म्हणजे सारी झाडं एकमेकांची हुबेहूब नक्कल. १८४५ मध्ये करपा रोग आला, त्यापुढे सगळीच सारखी दुबळी ठरली. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं भुकेनं आणि रोगांनी गेली.

म्हणून कपाटात जपलेला संग्रह फुकट जातो असं नाही. लिमाच्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्रानं पिसाकच्या गावांशी २००४ साली करार केला आणि आपल्या संग्रहातले चारशेहून अधिक वाण रोगमुक्त करून त्यांना परत दिले. पण ते लावणारे हात आणि कसलेली जमीन तिथे शाबूत होती, म्हणूनच ते परत घेता आले.

घरच्या चवींचंही असंच. आपण आजीच्या पाककृती वहीत उतरवतो आणि निश्चिंत होतो. ती वही हवीच. पण पदार्थ टिकतो तो कुणीतरी तो पुन्हा रांधल्यावर, एखाद्या वेळी बिघडल्यावर, आपल्या चुलीप्रमाणे थोडा बदलल्यावर. आज जपून ठेवलेल्या गोष्टींतली एक तरी वापरायला काढावी.