कोणीही करावे

गेल्या दिवाळीत भाऊबिजेला धाकटी बहीण मुलीला घेऊन आमच्याकडे आली. ओवाळणे झाले, जेवणे झाली, आणि दुपारी सगळी मंडळी आडवी झाल्यावर भाची माझ्या आरामखुर्चीशेजारी मोडा ओढून बसली. ती एका विद्यापीठात संशोधन करते. मुलगी मुळात अबोल. पण त्या दिवशी तिच्या मांडीवर कागदांची एक जाडी फाइल होती आणि चेहऱ्यावर परीक्षेच्या आदल्या रात्रीचे भाव होते. कागदांवर सही करावयाची होती ती तिला. करावी की न करावी, हे तिला मला विचारावयाचे होते.

हकीकत अशी. चार वर्षे खपून तिने कागदाची एक पट्टी तयार केली आहे. बोटातल्या रक्ताचा थेंब त्या पट्टीवर टाकला की सिकलसेलचा दोष रक्तात आहे किंवा नाही ते थोड्या वेळात समजते. हा आजार आपल्याकडे विदर्भात आणि नंदुरबारच्या बाजूला, विशेषतः आदिवासी वस्त्यांतून, पिढ्यान्पिढ्या चालत आलेला आहे. आई आणि बाप दोघांकडूनही दोष आला तर लेकराच्या वाट्याला जन्मभराचे दुखणे येते; म्हणून तो वेळीच ओळखण्याला फार महत्त्व. तर ही पट्टी. विद्यापीठाच्या कचेरीने पेटंटाचा अर्ज तयार केला होता, आणि तो दाखल होईपर्यंत निबंध छापावयाचा नाही असे तिला बजावले होते. दरम्यान एक कंपनी पुढे आली होती. याच पद्धतीने शहरी दवाखान्यांत लागणाऱ्या आणखी दोन-तीन तपासण्या करता येतील, हे त्या कंपनीच्या लक्षात आले होते. तिला सगळे हक्क हवे होते आणि एकटीला हवे होते. बदल्यात विद्यापीठाला स्वामित्वधन, आणि भाचीला कंपनीत थोडी भागीदारी.

"मामा," ती म्हणाली, "मला शिष्यवृत्ती सरकारची, प्रयोगशाळा सरकारची, आणि रक्त दिलं ते मेळघाटातल्या लोकांनी. मग हे मी विकायचं कसं?"

तीस-पस्तीस वर्षांपूर्वी या प्रश्नाला मी तत्काळ उत्तर दिले असते. आमच्या पिढीतल्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांपुढे जगदीशचंद्र बोस यांचा आदर्श होता. पेटंट घेण्याची त्यांना मनापासून नावड होती. १९०४ साली अमेरिकेत त्यांच्या नावाने एक पेटंट निघाले, तेही स्नेह्यांच्या आग्रहामुळे. आणि त्यातून पैसा मिळवण्याच्या वाटेला ते गेले नाहीत. ज्ञान हे विहिरीच्या पाण्यासारखे, ज्याला तहान असेल त्याने येऊन प्यावे, असे आम्ही मानीत होतो. विहिरीवर रहाटही लागतो आणि दोरही लागतो, ही गोष्ट त्या उपमेत येत नसे.

तिला उत्तर देण्याऐवजी मी तिला माझीच एक गोष्ट सांगितली. ती मी यापूर्वी कोणाला सांगितलेली नाही. सांगण्यासारखी नाही म्हणूनच.

मी विदर्भातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवीत होतो. आमच्याकडच्या काही तालुक्यांत जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराइड असते. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर ते गेले आणि असे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले, म्हणजे आधी पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात आणि प्रमाण फार असले तर पुढे हाडे धरतात. चवीवरून काही कळत नाही. पाणी स्वच्छ, नितळ दिसते. झिर्कोनियम आणि अलिझरीन यांनी रंगवलेला लाल कागद अशा पाण्यात आम्ल घालून बुडवला की पिवळा पडतो, ही कसोटी जुनीच आहे. पण तो कागद आमच्याकडच्या उन्हाळ्यात टिकत नसे. तो टिकावा अशी एक युक्ती मला सापडली. १९८६ साली मी त्यावर निबंध छापला. त्याच्या पंचवीस सुट्या प्रती मला पोस्टाने आल्या, तो दिवस आमच्या घरी सणासारखाच गेला.

महिन्या-दोन महिन्यांनी एक रसायनविक्रेते गृहस्थ घरी आले. म्हणाले, "सर, मी हा कागद करतो. यंत्र घालतो, गावोगाव माणसे पाठवून दाखवतो. फक्त तीन वर्षे दुसऱ्या कोणाला करू देऊ नका. नाहीतर मी रान नांगरायचे आणि पीक शेजाऱ्याने न्यायचे." मी त्यांना चहा दिला आणि एक व्याख्यान दिले. निबंध छापून झाल्यावर कायद्याने तसा हक्क देणे माझ्या हाती उरलेही नव्हते, पण मी त्यांना ते सांगितले नाही, तत्त्व सांगितले. पुढे एका आरोग्य अधिकाऱ्यांचे पत्र आले. पाच हजार कागद हवे होते, कोठे मिळतील? मी उलट टपाली निबंधाची प्रत पाठवली आणि खाली लिहिले : कृती आत दिली आहे. पेटंट घेतलेले नाही. कोणीही करावे.

कोणीही केले नाही.

अकरा वर्षांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी मुलांना घेऊन एका खेड्यात गेलो. शाळेच्या व्हरांड्यात पोरे हसत उभी होती, आणि त्या हसण्यात मला दात दिसले. त्या रात्री मी सोबतच्या पेटीतून कागद तयार केले आणि सकाळी हापशाच्या पाण्यात बुडवले. कागद पिवळा झाला. भोवती बाया जमल्या होत्या. मी शिक्षकाच्या उत्साहाने सगळे समजावून सांगितले, हा कागद मीच शोधला तेही सांगितले. त्यांतल्या एकीने कमरेवरचे पोर सावरीत विचारले, "मंग हे तुमाले आधीपासून मालूम व्हतं का, गुरुजी?" तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरोखरच माहिती हवी होती.

भाची काही बोलली नाही. स्वयंपाकघरात मामीच्या बांगड्यांचा आवाज येत होता.

त्या शिबिरानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचीत गेलो, आणि वाचता वाचता टोरांटोला जाऊन पोहोचलो. इन्सुलिनची कथा आपण पुस्तकात वाचतो ती अर्धीच असते. १९२१च्या उन्हाळ्यात बँटिंग आणि बेस्ट यांनी मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत काम आरंभले. डिसेंबरात कॉलिप येऊन मिळाले. जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन दिले, ते अशुद्ध होते, त्याचा गुण आला नाही. बारा दिवसांनी कॉलिप यांनी शुद्ध केलेला अर्क दिला, आणि मरणाच्या दारातले पोर परत फिरले. यापुढे तिघांनी पेटंटाचे हक्क टोरांटो विद्यापीठाला एकेका डॉलरला दिले. हा त्याग म्हणून आपण सांगतो, आणि तो त्याग होताच. डॉक्टरने औषधावर मालकी सांगणे बँटिंग यांना वैद्यकाच्या शपथेशी विसंगत वाटत होते.

पण मग पेटंट घेतलेच कशाला? नुसते छापून मोकळे का झाले नाहीत? इथे ती मंडळी माझ्यापेक्षा शहाणी होती. आपण हक्क नोंदवला नाही तर उद्या दुसरा कोणी एखादी सुधारणा करून दारच बंद करील, आणि कोणी भेसळीचा अर्क इन्सुलिन म्हणून विकील, हे भय त्यांना होते. शिवाय औषध प्रयोगशाळेत होणे वेगळे आणि हजारो रोग्यांना पुरणे वेगळे. १९२२च्या वसंतात तर खुद्द टोरांटोतच काही आठवडे इन्सुलिन जमेनासे झाले होते; हातखंडा कृती हातातून निसटली. तेव्हा विद्यापीठाने मे महिन्यात इंडियानापोलिसच्या एली लिली कंपनीशी करार केला. अमेरिकेपुरता हक्क तिला एकटीला, पण एका वर्षापुरता. मुदत संपल्यावर इतर कारखान्यांनाही परवाने. मालाची परीक्षा विद्यापीठाची समिती करणार. मधल्या काळात लिलीच्या माणसांनी शुद्धीकरणाची सुधारित रीत काढली तेव्हा तिच्या मालकीवरून कुरबूर झालीच. पण दोरीचे टोक विद्यापीठाच्या हातात होते. त्याच साली डेन्मार्कचे ऑगस्ट क्रोघ अमेरिकेच्या दौऱ्यावर होते. पत्नी मारी स्वतः डॉक्टर आणि स्वतः मधुमेही. तिच्या आग्रहाने ते टोरांटोला गेले आणि आपल्या देशासाठी इन्सुलिन करण्याची परवानगी घेऊन परतले. तो एक डॉलर दान दिल्याची पावती नव्हती. ती किल्ली सोपवल्याची पावती होती. या फरकाने मला कित्येक रात्री झोप लागली नाही, कारण मी किल्ली सोपवली नव्हती, ओसरीवर टाकून दिली होती.

विद्यापीठाच्या हाती किल्ली गेली म्हणजे सगळे आलबेल होते असे मात्र नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या हॅरी स्टीनबॉक यांनी अन्नावर अतिनील किरण सोडून त्यात ड जीवनसत्त्व आणण्याची रीत शोधली. मुलांचा मुडदूस हटवणारा तो शोध. त्याची व्यवस्था पाहण्यासाठी १९२५ साली माजी विद्यार्थ्यांनी प्रतिष्ठान स्थापले, त्याच्या पैशावर पुढे पुष्कळ चांगले संशोधन झाले. पण विस्कॉन्सिन हा दूधदुभत्याचा प्रांत. लोण्याशी स्पर्धा नको म्हणून गरिबांच्या मार्गरीनला ती रीत वापरू देण्याचे नाकारले गेले. ज्यांच्या पोरांना मुडदूस, त्यांच्याच पावाला ते जीवनसत्त्व नाही! १९४०च्या दशकात न्यायालयाने ती पेटंटेच अवैध ठरवली.

उलट स्टॅनफर्डचे उदाहरण आहे. कोहेन आणि बॉयर यांनी जनुके जोडण्याची रीत नोव्हेंबर १९७३ मध्ये छापली. पेटंट काढावे हे त्यांच्या मनातही नव्हते. विद्यापीठाच्या नील्स रायमर्स या अधिकाऱ्याने मागे लागून काढवले, आणि छापल्यापासून वर्ष उलटायला आठवडा उरला असताना अर्ज गेला. अमेरिकेत वर्षाची सवलत असते. इतर देशांत ती नसल्याने तिकडचा हक्क गेला तो गेलाच. (भाचीला निबंध थांबवण्यास सांगतात तो याच कारणाने.) पण त्या परवान्याची अट पाहा : कोणा एकाला नाही, मागेल त्याला, वर्षाला दहा हजार डॉलर आणि विक्रीवर थोडा हिस्सा. १९९७ साली मुदत संपेपर्यंत ४६८ कंपन्यांनी तो घेतला आणि दोन्ही विद्यापीठांना मिळून सुमारे २५ कोटी ५० लाख डॉलर मिळाले. बॉयर यांनी १९७६ साली स्वॉन्सन यांच्याबरोबर पाचपाचशे डॉलर घालून जेनेन्टेक काढली. दोन वर्षांत तिथे जंतूंकडून मानवी इन्सुलिन करवून घेतले, आणि १९८२ साली ते बाजारात आले. बॉयर यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हा त्यांच्यावर पुष्कळ टीका केली. मी त्यांच्या जागी असतो तर मीही केली असती.

इन्सुलिनचीच पुढची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. लिलीने १९९६ साली आणलेल्या नव्या जातीच्या इन्सुलिनची कुपी अमेरिकेत २१ डॉलरला होती. वीस-बावीस वर्षांत तिची छापील किंमत २७५ डॉलरच्या आसपास गेली. माणसे डोस तोडून घेऊ लागली. फार ओरड झाल्यावर २०२३ साली कंपनीने किंमत ७० टक्क्यांनी उतरवण्याचे जाहीर केले. एका डॉलरची किल्ली केव्हाच कालबाह्य झाली होती. कुलपे नवी होती, आणि त्यांच्या किल्ल्या विद्यापीठाकडे नव्हत्या.

एवढ्यात मामी चहा घेऊन आली. तिने अर्धे ऐकले असावे. म्हणाली, "आपल्या हळदीचंही कोणी घेतलं होतं ना?" घेतले होते. १९९५ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद लावण्याचे पेटंट मिळाले होते. माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली आपल्या वैज्ञानिक परिषदेने ते १९९७ साली रद्द करवले. पुराव्यात १९५३ सालचा एक भारतीय निबंधही होता. म्हणजे छापून ठेवण्याने चोरी अडते, हे खरे. पण छापून ठेवण्याने हळद दळली जात नाही.

"म्हणजे सही करू?" भाचीने विचारले.

"अशी नको."

मग आम्ही दोघे जेवणाच्या टेबलावर बसलो, चिवड्याचा डबा बाजूला सारला, आणि कागद पुन्हा पहिल्यापासून वाचले. शहरी दवाखान्यांच्या तपासण्यांचा हक्क कंपनीला एकटीला द्यावा. तिला पैसा घालावयाचा आहे, आणि त्या रसायनविक्रेत्याचे म्हणणे मला आता पटते. पण सिकलसेलचा हक्क एकटीला नको. दिलाच तर दोन वर्षांची मुदत. तेवढ्यात पट्टी सरकारी दवाखान्यांत पोहोचली नाही तर हक्क विद्यापीठाकडे परत. सरकारी खरेदीला किमतीची मर्यादा. अर्ज दाखल झाला की दुसऱ्या दिवशी निबंध. एक मुद्दा मला सुचला नाही, तो तिने लिहिला : ज्यांनी रक्त दिले त्यांच्या गावांत पट्टी आधी जावी. हे सगळे तिने एका दिवाळी अंकाच्या वेष्टनावर पाठपोट लिहिले.

आपल्याकडे या गोष्टींसाठी एकच असा कायदा नाही. अमेरिकेने १९८० साली केला, तेव्हा तिथल्या सरकारच्या नावावर सुमारे २८,००० पेटंटे पडून होती आणि त्यांतली शंभरात पाचसुद्धा कोणी वापरायला घेतली नव्हती असे सांगतात. आपले विधेयक २००८ साली राज्यसभेत आले, त्याचा कायदा झाला नाही. त्यामुळे प्रत्येक संस्थेचे नियम वेगळे, आणि पुष्कळसे टेबलाच्या पलीकडे कोण बसले आहे यावर. कचेरीतल्या गृहस्थांनी तिचे मुद्दे वाचून कपाळाला आठ्या घातल्या, पण वेष्टन परत केले नाही. मुदतीची अट कंपनीने मान्य केली आहे, किमतीची अजून नाही. हे लिहीत असताना करार व्हावयाचा आहे. पट्टीत काही उणीव निघाली तर सगळेच मुसळ केरात, हेही तिला ठाऊक आहे.

निघताना ती दारात थांबली. म्हणाली, "मामा, तुमच्या त्या निबंधाची एक प्रत द्या ना." मी माळ्यावरून पेटी काढवली. पंचवीसांतल्या एकोणीस प्रती तशाच होत्या, सुतळीने बांधलेल्या. मधल्या पानात मी तेव्हाचा एक कागद ठेवला होता, त्याची लाली अजून टिकून होती.